तुम्ही विचारलंत म्हणून: हरलेल्या मॅचवर एवढं काय बोलता?

कोल्हापूरहून कुणी पाहुणं आलं, किंवा इथे मेलबर्नच्या मराठी मंडळात कुणी नवीन ओळखीचं झालं, की हा प्रश्न येतोच. “तुमची ती नॉर्थ मेलबर्नची टीम सतत हरते. हरली, विषय संपला. मग तुम्ही सगळे सोमवार दुपारपर्यंत बोलत काय असता? आणि ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यांच्यावरून एवढी भांडणं?” आत्याने तर एकदा सरळच विचारलं, “अगं, तुझा जावई आहे का त्यातला कुणी?”

जावई नाही. पण उत्तर लांबलचक आहे, त्यामुळे एकदाच लिहून टाकते.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण ‘फुटबॉल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. इथली फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, क्रिकेटच्या मैदानावर खेळतात. चेंडू लांबट, दोन्ही बाजूंना 18-18 खेळाडू, टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू घातला तर 6 गुण, बाजूने गेला तर 1. लीगमध्ये 18 संघ आहेत आणि त्यातले निम्मे एकट्या मेलबर्न शहरातले. म्हणजे एकेका उपनगराची टीम. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमवर बसलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांना मी तेवढंच सांगितलं होतं आणि ते लगेच म्हणाले, “मग विरुद्ध टीम कुठली ते आधी सांग.”

मी इथे आले 2015 मध्ये. केन्सिंग्टनमध्ये घर मिळालं, आर्डन स्ट्रीटचं नॉर्थचं जुनं मैदान तिथून चालत जाण्याएवढं जवळ. त्या वर्षी टीम प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेली होती. 1996 आणि 1999 ची अजिंक्यपदं लोकांच्या तोंडात ताजी होती. चांगली टीम, घराजवळची टीम, निळे-पांढरे उभे पट्टे. आणखी काय बघायचं? पुढच्या वर्षी सलग नऊ सामने जिंकून सुरुवात झाली. नंतर घसरगुंडी लागली ती अशी, की 2020 ते 2024 या पाच हंगामांत मिळून 15 विजय. 2021 आणि 2022 मध्ये अठरापैकी अठरावा क्रमांक. 2023 मध्ये पहिले दोन सामने जिंकले आणि मग ओळीने 20 हरले.

आता वादाकडे येते. सगळ्यात चांगला नमुना 16 जून 2024 चा. रविवार होता, डॉकलंड्सचं छपराचं स्टेडियम, समोर कॉलिंगवूड, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते आणि बाकीच्या सगळ्या शहराचे नावडते. आम्ही एका टप्प्याला 54 गुणांनी पुढे होतो. आणि 1 गुणाने हरलो.

शेवटच्या काही सेकंदांत आमच्या बेली स्कॉटने चेंडू झेलला. कॉलिंगवूडचे खेळाडू नियमाच्या रेषेपुढे धावून आले, त्याची शिक्षा म्हणून पंचाने आम्हाला 50 मीटर पुढे चेंडू द्यायला हवा होता. तो दिला नाही. सदर्न क्रॉस स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर निम्मे लोक तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. मला त्यात कधीच रस वाटला नाही. 54 गुण म्हणजे 9 गोल. पंचाने एक निर्णय खाल्ला असेल, बाकीचे कुणी खाल्ले?

खरा वाद सुरू झाला तो या प्रश्नावर आणि तो समजायला खेळाची एक खोच कळावी लागते. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या टीमला पुन्हा चेंडू मिळतो. फुटीत तसं नाही. प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मधोमध आणतात आणि तिथे दोन्ही टीम नव्याने झगडतात. ती झटापट एकाच बाजूने लागोपाठ जिंकली, तर दुसऱ्या टीमचा चेंडूला हातही न लागता तीन-चार गोल होऊन जातात. पूर्वी निदान सगळे खेळाडू मागे ओढून गर्दी करता यायची. 2019 पासून मध्यावरच्या सुरुवातीला मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहा खेळाडू उभे ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे तीही सोय गेली. वारं फिरलं की ते थांबवायला एकच उपाय उरतो: कुणीतरी जाणत्याने चेंडू हातात घ्यायचा, घाई न करता छोट्या-छोट्या पासने दोन मिनिटं खायची आणि आरडाओरडा करून बाकीच्यांना जागेवर आणायचं. एकोणीस वर्षांचा पोरगा हे करत नाही. त्याला वाटतं, आणखी एक गोल मारला की प्रश्न सुटेल. अंगातला दमही संपलेला असतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात 12 ते 15 किलोमीटर पळतो आणि समोरून धडकणारा अठ्ठावीस वर्षांचा असतो, त्याच्या अंगावर दहा हंगामांची कमाई असते.

इथे आमच्यात फूट पडते. माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा आहेत, सत्तरीचे, त्यांनी 1975 चं क्लबचं पहिलं अजिंक्यपद पाहिलंय. त्यांचं म्हणणं, पोरं आहेत, दम धरा, आणखी दोन वर्षांत हीच पोरं कॉलिंगवूडला रडवतील. ऑफिसातला एक जण कोचच्या नावाने खडे फोडतो. कोच अॅलेस्टर क्लार्कसन. हॉथॉर्नला चार अजिंक्यपदं मिळवून दिलेला माणूस, 2023 पासून आमच्याकडे. आणि तिसरा गट म्हणतो की हरायचीही सवय लागते. पोरगा पहिली तीन वर्षं फक्त हरलाच, तर जिंकायचं कसं हे त्याला शिकवणार कोण?

पोरांवरून एवढं का पेटतं, तर त्याचं कारण ड्राफ्ट. दर नोव्हेंबरला देशभरातली अठरा वर्षांची मुलं क्लबांमध्ये वाटली जातात. शेवटचा आलेला क्लब सगळ्यात आधी निवडतो. मुलाला क्लब निवडता येत नाही. पर्थचा मुलगा मेलबर्नला जाईल, मेलबर्नचा ब्रिस्बेनला. म्हणजे प्रत्येक पराभवाच्या पोटात एक बक्षीस असतं आणि त्याने माणसाची मती फिरते. 2023 चा तो वीस पराभवांचा हंगाम घ्या. शेवटचा सामना होबार्टला, गोल्ड कोस्टशी. हरलो असतो तर तळाला आणि पहिली निवड आमची. त्या वर्षी पहिली निवड म्हणजे हार्ली रीड, ज्याच्याबद्दल पेपरवाले वर्षभर लिहीत होते. आम्ही जिंकलो! वेस्ट कोस्टचेही विजय तीनच, पण गुणांच्या सरासरीत ते खाली, म्हणून रीड तिकडे गेला. वीस हारींनंतर मिळालेल्या विजयावर आमच्यातले काही लोक हळहळत होते. मी त्यांच्याशी अजूनही नीट बोलत नाही. मुद्दाम हरण्याच्या संशयावरून याच लीगमध्ये चौकशी झालेली आहे. मेलबर्न क्लबला 2009 च्या हंगामाबद्दल 2013 मध्ये पाच लाख डॉलरचा दंड बसला होता. पोरांना शर्ट घालून मैदानात पाठवायचं आणि मनातून ती हरावीत म्हणायचं, हे मला जमत नाही.

जेसन हॉर्न-फ्रान्सिसचं नाव मात्र मला घ्यावंच लागेल, कारण सगळ्यात कडवट भांडणं त्याच्यावरून झाली. 2021 च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, साउथ ऑस्ट्रेलियाचा मुलगा. एक हंगाम खेळला आणि घरी जायचंय म्हणून पोर्ट अॅडलेडला निघून गेला. अजूनही तो समोर आला की आमचे लोक त्याची हुर्यो उडवतात. मला ते पटत नाही. एकोणीस वर्षांचा होता, टीम दर आठवड्याला मार खात होती, वर्ष संपायच्या आत कोचही गेला. मी चाळिशीत आहे, तरी दर गणपतीला मला विमानाची तिकिटं बघावीशी वाटतात. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर त्याच्या बदल्यात जे फिरवाफिरवीचं राजकारण झालं त्यातून आम्हाला हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ मिळाले, पुढच्या ड्राफ्टमधला तिसरा आणि चौथा क्रमांक. शीझलने पहिल्याच सामन्यात 34 वेळा चेंडू खेळवला आणि पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही झाला. त्यावरही वाद झालाच, काळजी नको. “मागे उभा राहून सोपे चेंडू गोळा करतो, मध्ये टाकून बघा मग कळेल,” असं म्हणणारे होते. मध्ये टाकला, तिथेही खेळला, तेव्हा म्हणू लागले की मागे जास्त उपयोगी होता.

आता माझं मत, विचारलंतच म्हणून. आमच्याकडे पोरं कमी पडली नाहीत, थोरले कमी पडले. आणि ते आपोआप कमी पडले नाहीत. 2016 मध्ये हंगाम चालू असतानाच ब्रेंट हार्वी, ड्रू पेट्री, निक डॅल सँटो आणि मायकेल फिरिटो या चौघांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी करार नाही. हार्वीचे 432 सामने हा तेव्हाचा लीगचा विक्रम होता आणि त्याला अजून खेळायचं होतं. 2020 च्या शेवटी एकदम 11 जणांना नारळ दिला. बेन ब्राउन, आमचा गोल मारणारा, मेलबर्न क्लबकडे गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. ते ज्या संध्याकाळी घडलं तेव्हा मी टीव्ही बंद करून भांडी घासली. मग त्या रिकाम्या घरात अठरा वर्षांची पोरं आणून बसवली आणि 2019 पासून 2023 पर्यंत त्यांच्यावर चार कोच बदलले.

नुसत्या पोरांनी टीम होत नाही याचा पुरावा शेजारीच आहे. कार्लटनला 2005, 2006 आणि 2007 अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. मर्फी, गिब्ज, क्रूझर. तिघेही चांगले खेळले आणि तिघेही अजिंक्यपदाविना निवृत्त झाले. उलट ब्रिस्बेन 2017 मध्ये तळाला होतं. त्यांनी काय केलं, तर हॉथॉर्नला तीन अजिंक्यपदं मिळवून देणारा कप्तान ल्यूक हॉज, तेहतिशीचा, जवळजवळ निवृत्त झालेला, त्याला उचलून आणलं आणि पोरांच्या मागे बचावात उभं केलं. तो दोनच हंगाम खेळला. 2019 मध्ये ब्रिस्बेन गुणतक्त्यात दुसरं होतं, आणि 2024 आणि 2025 दोन्ही अजिंक्यपदं त्यांची. एका हॉजने सगळं झालं असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. त्यांच्याकडे विल अॅशक्रॉफ्टसारखे खेळाडू वडिलांच्या पुण्याईने, म्हणजे वडील त्याच क्लबकडून खेळले होते म्हणून, आले. पण मागून ओरडणारा माणूस पोरांना लागतो.

आमच्याच क्लबची महिला टीम बघा ना. तिथे 2021 पासून एकच कोच, डॅरेन क्रॉकर, जो स्वतः 1996 च्या विजेत्या संघात होता. 2024 मध्ये अजिंक्यपद, 2025 मध्ये पुन्हा. एकाच पत्त्यावर, एकाच रंगाच्या शर्टात. पुरुषांच्या टीमवर सोमवारपर्यंत बोलणारे आमचे लोक हिच्यावर मंगळवारीसुद्धा बोलत नाहीत, कारण जिंकणाऱ्यांबद्दल भांडायला काही उरत नाही.

क्लबलाही उशिरा का होईना कळलं असावं. 2025 साठी ल्यूक पार्कर, केलेब डॅनियल आणि जॅक डार्लिंग असे तीन मुरलेले खेळाडू आणले. हंगामाअखेर पाच विजय, एक बरोबरी, सोळावा क्रमांक. आजोबा खूश. ऑफिसातला म्हणतो, सोळावा क्रमांक हा काही मोठेपणा नव्हे, आणि त्याचंही खरंच आहे.

सध्याचं भांडण वेगळंच आहे. 2024 च्या ड्राफ्टमध्ये क्लबने पुढच्या वर्षीची आपली पहिल्या फेरीतली निवड रिचमंड क्लबला देऊन टाकली आणि बदल्यात 27 व्या क्रमांकावर मॅट व्हिटलॉक नावाचा उंच मुलगा घेतला. हिशेब असा असावा की पुढच्या वर्षी आपण वर येऊ, मग ती निवड काही फार मोलाची राहणार नाही. आलो सोळावे. म्हणजे फार मोलाची वस्तू स्वस्तात गेली, आणि हे सांगायला आता प्रत्येक जण पुढे येतोय. मला मात्र या एका बाबतीत क्लबचा राग येत नाही. आमच्याकडे चेंडू गोळा करणारी चपळ पोरं रग्गड आहेत, मागे उंचावरून चेंडू झेलणारं कुणी नाही. फक्त उंच खेळाडू भरायला चार-पाच वर्षं लागतात. तेव्हा व्हिटलॉकबद्दल काय ते 2029 मध्ये विचारा, आणि तोवर त्याच्या जागी कोण खेळणार यावर वाद घालायचा असेल तर येत्या सोमवारी मी मोकळी आहे.