काकूंनी फिरवलेलं चाक

ऐरोलीचे हे पेशंट म्हणजे मधुमेहाने पाय खाल्लेला माणूस. अंगठ्याच्या हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेलेला, दंडात पिक लाइन, म्हणजे दंडातल्या शिरेतून थेट हृदयाजवळ नेलेली बारीक नळी, घातलेली आणि व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सहा आठवडे चालणार. एवढे दिवस हॉस्पिटलची खाट अडवून बसणं खिशालाही परवडत नाही आणि माणसालाही. म्हणून डिस्चार्ज, आणि संध्याकाळचा डोस माझ्याकडे, घरी जाऊन औषध देणाऱ्या नर्सकडे.

व्हॅन्कोमायसिन हे हट्टी औषध. एक ग्रॅमची पावडर विरघळवून अडीचशे मिलीच्या सलाईनमध्ये टाकायची आणि शंभर मिनिटं सोडायची. वीस थेंबांना एक मिली सोडणाऱ्या आमच्या सेटवर म्हणजे मिनिटाला पन्नास थेंब. घड्याळ हातात धरून मोजते मी. बाटली टांगायला कॅलेंडरचा खिळा. घरात स्टँड कुणाकडे असतो?

त्या दिवशी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल रखडली. एरवी सहाला लागणारी बाटली पावणेआठला लागली. लाइन फ्लश केली, म्हणजे सलाईन ढकलून धुतली, थेंब जुळवले, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचून दाखवायचा होता आणि पेशंटच्या हॉलमध्ये रेंज येत नाही, म्हणून गॅलरीत गेले. किडनीवर लक्ष ठेवल्याशिवाय हे औषध पुढे नेताच येत नाही, त्यामुळे बोलणं लांबलं.

"सिस्टर, अहो, मानेला मुंग्या चावतायत!"

आत आले तर काकांची मान, कान, कपाळ लालबुंद. बाटली अर्ध्याच्या खाली. थेंब कसले, धारच लागली होती. पहिलं रोलर, म्हणजे थेंबांचा वेग ठरवणारं नळीवरचं चाक, बंद केलं. सेट काढून लाइन फ्लश केली नाही, कारण नळीत उरलेलं औषधही आत गेलं असतं. श्वासाची घरघर नाही, ओठ-जीभ सुजलेली नाही, ऑक्सिजन ९७. बीपी १००/६०, एरवी १३० च्या पुढे असतं. जीवघेण्या ॲलर्जीत द्यायचं ॲड्रेनलिन किटमधून काढून हाताशी ठेवलं, पण गरज पडली नाही. ही खरी ॲलर्जी नव्हती. औषध भराभर गेलं की शरीरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, तो प्रकार. डॉक्टर फोनवरच होते. त्यांनी सांगितल्यावर एव्हिल हे हिस्टामिनविरोधी औषध दिलं.

काकू दाराशी उभ्या, पदर तोंडाला. "मीच जरा चाक फिरवलं. आठ वाजून गेले ना."

राग आलाच मला. पण पुढचं ऐकलं आणि गप्प झाले. रोजच्या वेळेला साडेसातला त्यांनी इन्शुलिन दिलं होतं. सलाईन चालू असताना जेवायचं नसतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. जेवण लांबलं की काका घामाघूम होतात, हेही त्यांनी पाहिलेलं. म्हणजे बाटली लवकर संपली की ताट वाढता येईल! या हिशेबात चूक कुठे काढायची? ग्लुकोमीटर लावला तर साखर ७४. ताबडतोब साखरपाणी दिलं, मग वरणभात. बीपी मिनिटामिनिटाला बघत होते तेही जेवता जेवताच.

हॉस्पिटलात रोलरला कुणी हात लावत नाही, कारण तिथलं सगळंच परकं असतं. घरात मात्र पंख्याचा रेग्युलेटर आणि सलाईनचं चाक एकाच भिंतीवर. शिवाय "फास्ट करा ना सिस्टर" हे तर मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. सांगते तेव्हा "हळू सोडायचंय" एवढंच सांगून भागत नाही, जोरात सोडलं तर काय होतं तेही सांगावं लागतं.

लाली उतरायला पाऊण तास गेला. डॉक्टरांनी उरलेली बाटली अर्ध्या वेगाने सोडायला सांगितली आणि पुढचे डोस दोन तासांवर नेले. मिनिटाला चाळीसच्या आसपास थेंब. किट आवरत होते, सुया पांढऱ्या डब्यात टाकत होते, तेव्हा काकूंनी विचारलं,

"मग उद्या जेवण कधी वाढू? बाटली संपल्यावर?"

"आठला वाढा. बाटली चालू असू दे नाहीतर नसू दे. आणि गाडी लेट झाली तर मी फोन करेन, तुम्ही इन्शुलिन जेवणाच्या वेळेवर ठेवा, माझ्या वेळेवर नको."

"बरं," म्हणाल्या, आणि कॅलेंडर दुसऱ्या खिळ्याला अडकवायला घेऊन गेल्या.