तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र काढलं की सिद्ध झालं का?

बेळगावच्या वडगावात माझ्या घरी आठवी ते दहावीची मुलं गणिताला येतात. त्यांना न्यायला आलेले आईवडील फळ्याकडं बघून हमखास विचारतात, "सर, नुसती चित्रंच काढलाय की. पेपरात असं काढलं तर मार्क देतात काय?" मार्कांसाठी पायऱ्या लिहाव्या लागतात आणि त्या मी लिहून घेतोच. पण चित्रानं खरंच काही सिद्ध होतं का, हे विचारत असाल तर होतं, असं माझं ठाम मत आहे.

एक चिंचोका ठेवा. त्याच्या उजवीकडं एक, वर एक आणि कोपऱ्यात एक असे तीन लावले की दोन-दोनचा चौरस होतो. त्याला तसेच पाच लावले की तीन-तीनचा. १ + ३ + ५ = ९. मुलं लावत सुटतात, फरशी भरून जाते. एकदा एक मुलगी मधेच थांबली. म्हणाली, "इथपर्यंत बसलं सर, पण शंभराव्या वेळेला पण बसंल कशावरनं?" हा प्रश्न ऐकायला मी वर्षभर शिकवत असतो. तिला म्हटलं, पुढचे चिंचोके कुठं कुठं लावतीस ते नुसतं बोलून दाखव. ती बोलू लागली: उजवीकडं बाजूएवढे, वर बाजूएवढे, कोपऱ्यात एक. बाजूची दुप्पट अधिक एक. म्हणजे चौरस कितीचाही असू दे, त्याला पुढची विषम संख्याच लागणार! दहा हजार चिंचोके गोळा करायची गरज उरली नाही.

पण चित्र फसवतंही, आणि तेही मी मुद्दाम दाखवतो. आलेखाच्या कागदावर आठ-आठचा चौरस घ्यायचा, त्याचे दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन असे चार तुकडे कापायचे आणि ते पाच-तेराच्या आयतात लावायचे. ६४ घरांची ६५ झाली! मुलं आधी कात्रीला दोष देतात. मग मी चढ मोजायला सांगतो. त्रिकोणाची तिरकी बाजू आठ घरांत तीन चढते, समलंब चौकोनाची पाच घरांत दोन. ०.३७५ आणि ०.४. कर्णावर ज्या कडा एका रेषेत आहेतसं वाटतं, त्या नसतातच. मधे एक लांबोडकी फट राहते. सेंटिमीटरचं घर घेतलं तर ती जिथं जास्तीत जास्त रुंद असते तिथंही जेमतेम मिलिमीटरभर भरते. जास्तीचं एक घर अख्खं त्या फटीत पसरलेलं असतं.

हे झाल्यावरच मी भास्कराचार्यांकडं वळतो. १२व्या शतकातल्या त्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे: काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू तिथी आणि नखं, म्हणजे १५ आणि २०, तर कर्ण किती? आणि नुसतं उत्तर नको, उपपत्तीही, म्हणजे सिद्धताही सांगा, असं ते म्हणतात. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून गोल फिरवत लावले की मोठा चौरस होतो आणि मधे ५ बाजूचा छोटा चौरस उरतो. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०. १५० चोक ६००, त्यात छोट्या चौरसाचे २५. ६२५, म्हणजे कर्ण २५.

माझ्याकडं कन्नड माध्यमाची मुलंही असतात. आमचा काटकोन त्यांचा लंबकोन, आमचा कर्ण त्यांच्या पुस्तकात विकर्ण. पुठ्ठ्याचे चार त्रिकोण सगळी मिळून लावतात. परवा तुकडे नीट बसले, तरी दोघं-तिघं मोठ्या चौरसाच्या कोपऱ्यात बोट ठेवून बसली होती. हा कोपरा बरोबर ९० अंशांचा कशावरून? इथंही फट असली तर? शेवटी एकानं पाटीवर लिहिलं: इथं एका त्रिकोणाचा लहान कोन आणि शेजारच्याचा मोठा लघुकोन एकत्र येतात, त्या दोघांची बेरीज ९०च. त्यानं बोट उचललं आणि पुढचा कोपरा तपासायला घेतला.