रिफर माल थंड करत नाही

आज सकाळी कोल्ड रूमच्या कोपऱ्यातली द्राक्षांची एक पेटी फोडली. ३९ दिवस पडून होती.

प्रत्येक रिफर, म्हणजे आत गारवा राखणारा कंटेनर, भरताना त्याच मालातली एक पेटी मी मागे ठेवते. वर मार्करने कंटेनरचे शेवटचे चार आकडे, भरल्याची तारीख आणि प्लॉट नंबर. जहाज रॉटरडॅमला लागल्याचा मेसेज आला की मगच ती फोडायची, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. समुद्रावर आपला माल कसा असेल हे निफाड तालुक्यात बसून जाणायला माझ्याकडे याच्यापेक्षा बरा मार्ग नाही.

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये लोडिंग बघते. अप्पांची स्वतःची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. त्यामुळे ऑक्टोबर छाटणीपासून एका घडामागे काय काय जातं ते घरातच दिसतं. डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, भुरी रोगावरच्या फवारण्या, अवकाळीचं आभाळ आलं की मणी तडकण्याच्या भीतीने जागवलेल्या रात्री, आणि रेसिड्यूचा, म्हणजे मण्यात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणाला धड जेवण जात नाही. एवढं करून आलेला माल शेवटच्या काही तासांत वाया जाऊ शकतो, आणि ते तास माझ्या हातात असतात.

सकाळी खुडलेला घड क्रेटमधून आमच्याकडे येतो तेव्हा मणी कोमट असतो. पेठ-सुरगाण्याच्या बायका एकेक घड उचलून खराब मणी कात्रीने काढतात, पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांमध्ये, भरतात. अर्ध्या किलोचे दहा पनेट, पाच किलोची पेटी. तिथून ती प्रिकूलिंगला, म्हणजे कंटेनरआधी माल गार करायच्या खोलीत. सहा ते आठ तासांत मण्याचा गर शून्य-एक अंशाला यायलाच हवा. खोलीतला डिस्प्ले शून्य दाखवतो म्हणून भागत नाही. रचलेल्या पेट्यांच्या अगदी मधली पेटी काढायची, मण्यात थर्मामीटरची सुई घालायची आणि आकडा थांबेपर्यंत बघत राहायचं. मधली पेटी सगळ्यात शेवटी थंड होते.

मग ग्रेप गार्ड. हा कागद म्हणजे करड्या बुरशीवरचा आमचा एकमेव पहारा. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. आधी थोडा जोरात, नंतर आठवडेच्या आठवडे हळूहळू. पण माल नीट थंड नसताना लाइनर, म्हणजे पेटीच्या आतली प्लास्टिकची पिशवी, बंद केला तर आत घाम धरतो. मग सगळा वायू पहिल्या काही दिवसांतच सुटून जातो. मणी देठापाशी पांढरे पडतात, आणि पुढच्या प्रवासात बुरशीला मोकळं रान मिळतं.

मार्च २०१९ मध्ये हेच झालं. प्रिकूलिंगचा एक कॉम्प्रेसर रात्री ट्रिप झाला. जहाजाचा कट ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची, ट्रेलर दारात उभा. माझी सुई चार अंश दाखवत होती. एक्स्पोर्टरचा माणूस म्हणाला, "ताई, रिफर आहे ना, वाटेत होईल गार." मला या कामात दुसरंच वर्ष होतं. मी सही केली.

रिफर माल थंड करत नाही. आपण दिलेला गारवा तो टिकवतो, बस. १३ टनांच्या आसपास माल एका ४० फुटी कंटेनरमध्ये जातो. त्याच्या पोटातली उष्णता ओढून काढायची ताकद त्या मशीनमध्ये नसते. ते गार हवा खालून, जमिनीच्या पन्हळ्यांमधून सोडतं. ती पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. म्हणून पेट्यांची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत, वरच्या लाल रेषेच्या पुढे एकही पेटी जाता कामा नये, आणि दाराशी मोकळी राहिलेली जमीन झाकली पाहिजे. नाही तर हवा सोपी वाट धरते आणि मालाला स्पर्श न करता परत फिरते.

त्या कंटेनरचे फोटो तीन-साडेतीन आठवड्यांनी आले. देठ तपकिरी, मणी गळून पनेटच्या तळाशी, वरचे पांढरट. कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या लॉगरच्या आलेखात पहिले कित्येक दिवस रेषा खाली यायलाच तयार नव्हती. शेतकऱ्यांच्या शेवटच्या हप्त्यातून कपात झाली. त्यातले दोघे आमच्याच गावचे. एकाच्या मुलीचं लग्न त्याच वैशाखात होतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की सही माझी होती. काकूंनी चहा दिला, कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानंतर गर एक अंशाच्या वर असताना मी दार लावू दिलेलं नाही. त्यापायी दोन जहाजं चुकली तरी चालली.

कंटेनर आला की मी पहिल्यांदा आत जाऊन वास घेते. मागच्या फेरीत त्यात फ्रोझन कोळंबी असू शकते. ड्रायव्हर दादांना वाटतं, थंड ते सगळं सारखंच. पण कोळंबी गोठलेली असते, उणे १८ अंशांना. ती स्वतः उष्णता सोडत नाही, म्हणून तिच्या पेट्या एकमेकींना चिकटवून रचतात, हवा बाहेरून गुंडाळली की झालं. बाहेरच्या हवेची झडपही बंद. द्राक्षाचा घड वेलीवरून उतरला तरी जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातून ऊब निघते. हवा त्याच्या आतून खेळली पाहिजे, आणि झडप थोडी उघडी हवी. आमचा सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावायचं तापमान, उणे अर्धा अंश. साखरेमुळे मणी तिथे गोठत नाही. पण कुणी चुकून आकडा आणखी खाली नेला तर सगळा माल गेला, म्हणून तो मी स्वतः बघते आणि फोटो काढून ठेवते. मग रिफरला वीज देणारा जेनसेट चालू करून ट्रेलर कसारा घाटाने न्हावा शेव्याला निघतो. पुढचं आपल्या हातात नाही.

ते किती नाही, हे गेल्या काही वर्षांत पुरतं कळलं. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात आडवं झालं, तेव्हा आमचा सीझन ऐन भरात होता. सहा दिवस पॅकहाऊसमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर त्या जहाजाचाच फोटो. यंदाचं, म्हणजे २०२४ चं, तर त्याहून अवघड. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं, पाठोपाठ हल्ले वाढले, आणि डिसेंबरपासून बड्या कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपवरून वळवली. म्हणजे सगळी आफ्रिका फिरून जायचं. एरवी २४-२५ दिवसांचा आमचा प्रवास जवळजवळ दोन आठवड्यांनी लांबला, भाडं वाढलं ते वेगळंच. फेब्रुवारीत आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं, गोडी भरलेली पण घट्ट मण्याची बागच घ्यायची, थोडाही मऊ माल स्थानिक बाजाराला. अप्पांच्या बागेतला एक भाग मीच नाकारला. अप्पा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

तर आजची पेटी. लाइनर उघडताच गंधकाचा वास नाकात चरचरला, म्हणजे कागदात अजून जीव होता. वरचा पनेट काढला. मुख्य देठ हिरवा, फक्त कापलेल्या टोकाशी तपकिरी. घड धरून हलवला, दोन मणी गळले. खालच्या थरात एका पनेटमध्ये एक मणी करड्या बुरशीचा, पण शेजारचे चारही स्वच्छ. एक खाल्ला. कडक होता, दाताखाली फुटला.

दुपारी एक पनेट घरी नेला. अप्पांनी चष्मा लावला, मणी बघितलेच नाहीत, आधी देठ बोटांत धरून वाकवला. तो मोडला नाही.

"किती दिवस म्हणालीस?"

"३९."

त्यांनी देठ पुन्हा एकदा वाकवून बघितला आणि घड आईपुढे केला. कोपऱ्यात अजून चार पेट्या आहेत, पुढची गुरुवारी फोडायची.