असंबद्ध

शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा.

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. ह्यांना सांगून पाहिलं, तर "एवढंच ना?" म्हणून कूस बदलली. एवढंच आहे खरं.

सहामाहीचे पेपर पालकांच्या सहीसाठी घरी दिले होते, ते आज गोळा केले. सकाळची शाळा, शेवटचा तास, बारावी कला. पोरांचे कान घंटेकडे. ती आली, गठ्ठ्यावर आपला पेपर ठेवला आणि टेबलापाशीच उभी राहिली. मला वाटलं, आली गुण मागायला. सगळे मागतात. अर्धाच, मॅडम, फक्त अर्धा. मी नाही म्हणायच्या तयारीनंच मान वर केली.

"मॅडम, असंबद्ध म्हणजे खोटं असतंय का?"

"नाही गं. असंबद्ध म्हणजे प्रश्नाशी संबंध नसलेलं."

"बरं," म्हणाली आणि जाऊन बसली.

त्या "बरं"मध्ये काही नव्हतं. राग नव्हता, रडू नव्हतं. भाजीवालीनं भाव सांगितल्यावर आपण म्हणतो तसलं बरं. दुपारी भाकरी थापताना ते डोक्यात आलं. संध्याकाळी दळण आणायला गेले, तिथे आलं. आता इथे.

प्रश्न मीच काढला होता. दुसऱ्या महायुद्धाचा भारतावर काय परिणाम झाला? तुमचे मत नोंदवा. गुण चार. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं, एकवीस वर्षं तेच तयार आहे. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं कुणा भारतीयाला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात. महागाई, टंचाई, १९४३ चा बंगालचा दुष्काळ. ब्रिटन खिळखिळं झालं, स्वातंत्र्य जवळ आलं. प्रत्येक मुद्द्याला एक गुण, आणि अक्षर बरं असेल तर कुठे चुकलंय ते मी फार शोधत नाही.

तिनं काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवून ठेवते. पेपर समोरच आहे.

"महायुद्ध चालू झाल्यावर सूत मिळेना झाले. आमच्या पणजोबांचा हातमाग बंद पडला. मग ते मिलमध्ये बदली म्हणून लागले. तेव्हा मिल रात्रंदिवस चालायची. नंतर ते पर्मनंट झाले. पगार चालू झाल्यामुळे त्यांचे लग्न झाले. म्हणून महायुद्धाचा आमच्यावर चांगला परिणाम झाला."

खाली माझ्या हातचं, लाल शाईत, दोन रेघा मारून: असंबद्ध. चारपैकी एक. तो एक कशाबद्दल दिला कोण जाणे, पान भरल्याबद्दल असेल. आणि "बदली" शब्दावर गोल करून प्रश्नचिन्ह. मला वाटलं होतं बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला होते ती. सरकारी माणसाची असते तसली.

"चांगला परिणाम" या शब्दांनी माझं डोकं फिरलं होतं, एवढं आठवतंय. बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, हे मी त्याच आठवड्यात घसा कोरडा करून सांगितलं होतं. तीस लाखांपर्यंतचा अंदाज सांगतात, हेही सांगितलं होतं. सगळा वर्ग गप्प झाला होता. मला वाटलं, पोहोचलं. आणि ही पोरगी लिहिते, चांगला परिणाम झाला, पणजोबांचं लग्न झालं.

पण आता वाचते तर तिनं भारतावर लिहिलेलंच नाही. "आमच्यावर" लिहिलंय. प्रश्नात मी तुमचे मत मागितलं होतं, मग तिनं तिचं दिलं. पुस्तकातलं माझं मत दिलं असतं तर चारपैकी चार होते.

ते पेपर मी रात्री एक वाजता तपासले, हेही लिहून ठेवते. त्या आठवड्यात आत्यांचं दवाखान्याचं चाललं होतं. दिवसा मतदार यादी घेऊन दारोदार. रविवारी पण. एका घरात बाईनं विचारलं, तुम्ही शिकवता कधी? हसून पुढे गेले. इतिहास काय, कुणीही शिकवतं, असं स्टाफरूममध्ये माझ्या तोंडावर म्हणतात आणि वर चहा पण माझ्याकडूनच पितात. एके काळी कला शाखेचा ऐंशीचा वर्ग होता, बाकावर चार-चार बसायची. आज चौतीस. पुढच्या वर्षी तुकडी राहते का, आणि नाही राहिली तर मी कुठल्या तालुक्याला, हे... ते जाऊ दे. आज तो विषय नाही.

विषय हा की मी असंबद्ध का लिहिलं.

जेवण झाल्यावर माझ्याजवळ आहेत ती चार पुस्तकं काढली. आणि लाज वाटावी इतक्या पटकन सगळं जुळलं. युद्धाला कापड लागतं. गणवेश, तंबू, जखमेवरच्या पट्ट्या. त्यात जपान युद्धात शत्रू म्हणून उतरला, त्याचं स्वस्त कापड यायचं थांबलं, विलायतेचंही आटलं. मग देशातल्या गिरण्या रात्रपाळ्या लावून चालायला लागल्या. गिरणीतलं सूत गिरणीच्याच मागावर जायला लागलं आणि त्या सुतावर जगणारा हातमागवाला उघडा पडला. मिळेल ते सूत काळ्या बाजारात. शेवटी १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं, ठाणावर किंमत छापायची सक्ती केली. कंट्रोल.

कंट्रोल! लहानपणी आई मला पिशवी आणि कार्ड देऊन पाठवायची, "जा, कंट्रोलला साखर आलीय." आम्ही रेशनच्या दुकानाला तोच शब्द वापरायचो. तो शब्द आमच्या घरात कुठून आला, हे मी इतिहासात एमए झाले तरी कधी विचारलं नाही.

म्हणजे पोरीनं सात वाक्यांत जे लिहिलं ते धड्यातल्या "महागाई व टंचाई निर्माण झाली" या ओळीच्या पोटातलंच होतं. सूत का नाही, तर माग का बंद, तर माणूस गिरणीच्या दारात का. कारण आणि परिणाम, कारण आणि परिणाम. आम्ही बीएडला हेच शिकलो. हेच तर फळ्यावर बाण काढून काढून शिकवते मी!

मग असंबद्ध का लिहिलं?

मला वाटतं, मला ते माहीत नव्हतं म्हणून. "मला माहीत नाही" असं लाल शाईत लिहायची सोय नाही, त्याला दुसरा शब्द लागतो. पुस्तकात नाही, माझ्या वहीत नाही, मग संबंध नाही. आता एकवीस वर्षांतले किती पेपर, किती पोरं, किती असंबद्ध... मोजायला लागले की छातीत कसंतरी होतंय. नकोच.

सगळ्यात जास्त हे टोचतंय की डॉ. कोटणीसांचं मी दरवर्षी सांगते. पुस्तकाबाहेरचं म्हणून, अगदी ऐटीत. महायुद्ध कधी सुरू झालं, विचारते. पोरं म्हणतात, १ सप्टेंबर १९३९, जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. मग मी म्हणते, आणि आपल्या सोलापूरचा माणूस त्याच्या आधी एक वर्ष, १९३८ मध्येच, युद्धावर निघून गेला होता, तो कसा काय? वर्ग जागा होतो. मग चीन-जपान युद्ध, जुलै १९३७. मग पाच भारतीय डॉक्टरांचं पथक. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं, मुलाचं नाव यिन्हुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय बत्तीस. भैया चौकात त्यांचं घर आहे, बघून या, म्हणते. म्हणजे आशियात महायुद्ध पुस्तकातल्या तारखेआधीच पेटलं होतं, हे मला कोटणीसांमुळे शिकवता येतं. याला मी स्वतःच स्वतःला पैकीच्या पैकी देत आलेय.

कोटणीस संबद्ध आणि तिचे पणजोबा असंबद्ध. कोटणीसांचं स्मारक आहे म्हणून? तिच्या पणजोबांचं काय आहे, तर ती.

(कोटणीसांना यात ओढायला नको होतं. त्यांचा काय दोष.)

एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतेय. शाळा सुटल्यावर जिन्यात तिची मैत्रीण भेटली. खिदळत सांगते, "मॅडम, माहितेय का, तिनं तिच्या ताताला सांगितलंय तुम्ही भारी लिहिलंय म्हणून!"

मला आधी कळेना. मग तिनं नीट सांगितलं. पेपरवर सही आजोबांची घ्यायची होती. वडिलांचं काय ते मला माहीत आहे, इथे नको. आई विड्या वळते, हजाराचा हिशेब होईपर्यंत ती मान वर करत नाही. ताता शिकलेले आहेत, पण तेलुगूत. मराठी बोलतात सगळी, वाचत नाहीत. त्यांनी पेपर हातात घेऊन विचारलं, हे लाल काय लिहिलंय? पणजोबांची गोष्ट सांगितली होती ती त्यांनीच. बापाचीच गोष्ट ना त्यांच्या. तर ही म्हणाली, मॅडमनी लिहिलंय, भारी.

मग त्यांनी सही केली. पेपर उघडून पाहिला आत्ता. पहिल्या पानावर, चौकटीत, गोल गोल तेलुगू अक्षरं. थरथरलेली, पण सावकाश काढलेली.

आणि सोमवारपासून आजपर्यंत तिला स्वतःला शंका होती की ते खोटं ठरलंय का. ताताची गोष्ट खोटी का. ते विचारायला ती आली होती आणि मी तिला शब्दार्थ सांगितला.

इथे दहा मिनिटं नुसती बसून होते. पाणी प्यायले. आणि खरं सांगायचं तर मग हसू आलं. का आलं माहीत नाही. पूर्व भागात कुठल्याशा घरात माझ्या असंबद्धचा अर्थ भारी असा झालाय. उद्या तो म्हातारा शेजारच्याला सांगेल, नातीच्या मॅडमनी भारी लिहिलंय, माझ्या बापाबद्दल. एवढं कौतुक मला एकवीस वर्षांत कुणी केलं नाही, आणि केलं तेही लिहिलं त्याच्या उलट वाचून. चालेल. मतदार यादीत माझं स्वतःचं वय एकशे चार छापून आलंय, तेही चाललंच की.

गुणांचं काही करता येणार नाही. तक्ता गेला वर. मागायला गेले तर इतिहासाच्या मॅडमना परत उकरायचंय, एवढीच बातमी होईल. आणि एकाचे तीन केले तरी तिला काय? तिनं गुण मागितलेच नव्हते. तो शब्द खोडावा का, याचा विचार करतेय. खोडला तर ती ताताला काय सांगणार, मॅडमनी भारी का खोडलं?

त्याला लागून काही लिहावं का? "असंबद्ध" तसंच ठेवून पुढे... नको, लालवर लाल आणखी वाईट दिसेल. हिरवं पेन कुठे गेलं?

सोमवारी तिला विचारायचंय. पणजोबा कुठल्या मिलला होते? जुनी मिल, नरसिंग गिरजी, की लक्ष्मी-विष्णू? कितवी पाळी? मागखात्यात की सूतखात्यात? आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही, तुमच्या घरी तेव्हा काय चाललं होतं. निम्मी म्हणतील माहीत नाही. एखादा मोबाइलवरून उतरवून आणेल आणि आपल्या खापरपणजोबांना थेट बर्लिनला पोहोचवेल. तपासायचं कसं, ते मला माहीत नाही. पण तपासलेलं तरी काय दिवे लावतंय.

"बदली"चं मात्र आज कळलं. आत्या जाग्याच होत्या, खोकत होत्या, पाणी द्यायला गेले तेव्हा सहज विचारलं. "आत्या, मिलमध्ये बदली म्हणजे काय हो?"

उठून बसल्या. महिनाभरात पहिल्यांदा न सांगता उशीला टेकून बसल्या. "अगं, बदली म्हणजे कायमचा नाही तो. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी आलं नाही, तर त्याच्या जागी आत घ्यायचे. नाही घेतलं, तर डबा घेऊन परत. माझे वडील होते की दोन वर्षं. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. या घरात येऊन तेवीस वर्षं झाली.

"का गं, रात्री बारा वाजता?"

"काही नाही. पेपर तपासतेय."

"ते तर दिवाळीआधी तपासले होतेस ना?"

"हो. एक राहिला होता."