काटा, तीन

मंडळी जमली की खेळायच्या बहुतेक खेळांत बोलका माणूस बाजी मारतो. 'कोडनेम्स' हा पत्त्यांचा खेळ मात्र खास बोलक्यांना छळायला काढलाय की काय, अशी मला शंका आहे. यातल्या मुख्य माणसाला आपली पाळी आली की एक शब्द आणि एक आकडा, एवढंच बोलायची मुभा. बाकी सगळं गिळायचं.

टेबलावर 25 शब्दांचे पत्ते मांडायचे, पाच ओळी आणि ओळीत पाच. संघ दोन, लाल आणि निळा. प्रत्येकाचा एक म्होरक्या. खेळात त्याला स्पायमास्टर म्हणतात. दोघे म्होरके टेबलाच्या एकाच बाजूला बसतात आणि त्यांच्यापुढे एक छोटं कार्ड उभं असतं, बाकीच्यांना न दिसणारं. कुठला शब्द कुणाचा ते त्यावर रंगांनी दाखवलेलं असतं. जो संघ सुरुवात करणार त्याचे 9 शब्द, दुसऱ्याचे 8, सात बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि उरलेला एक मारेकरी. आपल्या संघाकडून आपले सगळे शब्द आधी ओळखून घेतले की जिंकलात. मारेकऱ्याला हात लागला की डाव तिथंच संपला, मग तुम्ही कितीही पुढे असा.

समजा, आपल्या वाट्याला 'घड्याळ', 'गुलाब' आणि 'तराजू' आलेत. म्होरक्या बराच वेळ छताकडे बघतो, ओठ चावतो, आणि एकदम उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणतो, "काटा, तीन." म्हणजे या खुणेचे तीन शब्द आहेत, शोधा. एका शब्दात तिन्ही! स्वतःवरच खूश असतो तो. समोर डोकी एकत्र येतात. घड्याळ लगेच सापडतं. "वजनकाटा!" असं कुणीतरी ओरडतं आणि तराजूवरही, ओळखल्याची खूण म्हणून, आपल्या संघाचा लाल पत्ता पडतो. आता राहिला गुलाब. पण तेवढ्यात एकाचं बोट निघतं ते खालच्या ओळीतल्या 'मासा'कडे. माशात काटे असतातच की, त्याचं काय चुकलं? बोट पत्त्यावर येऊन थांबतं, जरा मागे येतं, परत पुढे सरकतं. स्पर्श झाला की उत्तर दिलं असं धरतात, म्हणून ते बोट वीतभर वरच घिरट्या घालतंय. आणि मासा आहे मारेकरी.

या वेळी म्होरक्यानं काय करायचं? काहीही नाही. भुवई उडवायची नाही, खाकरायचं नाही, 'गुलाब'कडे बघायचंसुद्धा नाही. नियमच तसा आहे, आणि माझ्या मते खेळाचा सगळा जीव त्या नियमात आहे. शब्द सुचणं फार अवघड नाही. आपल्या शब्दाची समोरच्यांनी चालवलेली चिरफाड मख्ख चेहऱ्यानं ऐकत बसणं अवघड. "तो असा विचार करणारच नाही," असं एकजण ठामपणे सांगत असतो आणि 'तो' दोन हातांवर बसून नेमका तसाच विचार करत असतो.

म्हणून शब्दसंग्रह दांडगा असलेली माणसं इथं हमखास जिंकतात असं नाही. आपल्याला काय सुचलं याला फारसं मोल नाही. हा शब्द ऐकून समोरच्याचं डोकं कुठं धावेल, ते ओळखता यायला हवं. स्वयंपाकात रमणाऱ्याला 'फोडणी' म्हणा, तो तेलाकडे जाईल; बातम्यांत बुडालेला गटबाजीकडे जाईल.

आकड्याकडे नवखे दुर्लक्ष करतात. खरी चलाखी तिथं आहे. म्होरक्यानं 'तीन' म्हटलं तर संघाला चार वेळा अंदाज करता येतो, एक जास्तीचा. मागच्या खेपेला राहून गेलेला शब्द त्या जास्तीच्या संधीत वसूल करायचा असतो. म्हणून संघात एक तरी हिशेबी माणूस असावा, जुन्या खुणा लक्षात ठेवणारा. कुणाच्याच नसलेल्या किंवा दुसऱ्या संघाच्या शब्दाला हात लागला की पाळी संपते. दुसऱ्याचा असला तर वर त्यांचं काम फुकटात होतं.

खुणेचेही कायदे आहेत. टेबलावर दिसतोय तो शब्द किंवा त्याचं दुसरं रूप वापरायचं नाही: 'घोडा' समोर असताना 'घोडेस्वार' चालत नाही. खूण अर्थाचीच हवी. क-पासून सुरू होणारे तीन शब्द आहेत म्हणून "क, तीन" म्हणता येत नाही. वाद झालाच तर समोरच्या म्होरक्याला विचारायचं. त्यानं चालवून घेतलं तर चाललं. शत्रूलाच पंच करण्याची ही सोय मला फार आवडते.

हा खेळ व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा, 2015 सालचा. संस्कृती उभारायला तासन्‌तास लावणारा 'थ्रू द एजेस' हा भारदस्त खेळही त्याचाच, आणि त्यानंच हा पंधरा-वीस मिनिटांचा प्रकार काढावा, याची गंमत वाटते. 2016 मध्ये याला जर्मनीतलं 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचं पारितोषिक मिळालं.

डब्यात 200 पत्ते असतात, दोन्ही बाजूंनी छापलेले, म्हणजे 400 शब्द. पण मराठीत खेळायचं तर चिठ्ठ्या आणि रंगीत पेन पुरे. फक्त शब्द निवडताना कंजुषी करू नका. 'तार' घ्या, 'हार' घ्या, 'कर', 'माळ', 'पान' घ्या. चार घरी जाऊन येणारे शब्द हवेत. 'प्रामाणिकपणा' वगैरे घातलात तर सगळे जांभया देतील.

आणि डाव संपल्यावर लगेच पत्ते गोळा करू नका. म्होरक्याला इतका वेळ गिळलेलं सगळं आता बोलायचं असतं. "गुलाब! अरे, गुलाबाला काटे नसतात का?" इथून सुरुवात होते. त्यावर माशावर बोट ठेवणारा स्वतःची बाजू मांडतो, तिसरा म्हणतो मी तर आधीच गुलाब म्हणत होतो, आणि तो तसं म्हणाल्याचं कुणालाही आठवत नसतं. शेवटी "एवढं सोपं होतं तर तूच बस तिकडे," असं म्हणत त्यालाच पुढच्या डावाचा म्होरक्या करून टाकतात.