भाऊ वाचले, मग हे का गेले?

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी सगळ्या बायका दारात असतात, आणि घागरी भरता भरता शेजारच्या वहिनी माझ्याकडे वळतात. "सिस्टर, एक विचारू का?" काय विचारणार ते मला ठाऊक असतं. दोघं भाऊ एकाच यंत्रमाग कारखान्यात, एकाच घरात. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताप आला तोही एकाच दिवशी. थोरले एकसष्ट वर्षांचे, ते बरे होऊन घरी आले. वहिनींचे मालक सत्तेचाळीसचे, ते गेले. "वय तर ह्यांचं कमी होतं की. मग?"

मी तेव्हा कोविड वॉर्डात ड्युटीला होते. दोघांचेही केसपेपर माझ्या हातातून गेलेत. वहिनींना विचारूनच हे लिहितेय, कारण नळावर उभं राहून एवढं सांगून होत नाही.

वयाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ॲडमिट झालेल्यांत कोण दगावण्याची भीती जास्त, हे ठरवताना वयाचा नंबर पहिला लागतो. बायकांपेक्षा पुरुष जास्त गेले, हेही जगभर दिसलं. पण वयाच्या जोडीला इतर गोष्टी असतात. थोरल्यांना दहा वर्षांची शुगर. गोळी चुकवायचे नाहीत, तपासणी वेळेवर. धाकट्यांना मात्र 'काही नव्हतं'. पूर्वीचे आजार विचारले की नातेवाईक 'काही नाही' म्हणतात आणि आम्ही तसंच लिहितो. मीही लिहिलं. तासाभरानं बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली तर चारशेच्या वर. वजन नव्वदच्या पुढं, उंची बेताची. आजार होता, तो कुणी कधी तपासलेलाच नव्हता. शुगर अशी वाढलेली असली की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत.

त्यात घरी असतानाच, तिसऱ्या दिवसापासून, त्यांना स्टिरॉइड सुरू झालेलं. याची मला आजही चीड येते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीनं जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात, ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा काहीच दिसला नव्हता. शुगर मात्र त्यानं चढते. ज्या औषधानं थोरल्यांना हात दिला, तेच धाकट्यांना नको त्या दिवशी मिळालं.

आणि आले कधी? थोरले पाचव्या दिवशी, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९२ टक्के. धाकटे नवव्या दिवशी, ७४. तेही चालत आले. कॉटवर बसून फोनवर कारखान्यात कुणालातरी बीम कधी चढवायचा ते सांगत होते. मी मीटर दुसऱ्या बोटाला लावलं, तिसऱ्या बोटाला लावलं. तोच आकडा. दम कोंडल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते. कोविडमध्ये तो बऱ्याच जणांत बाहेर पडत राहायचा आणि ऑक्सिजन तेवढा गुपचूप उतरत जायचा.

मग मी त्यांचं मनगट धरलं. आम्ही नाडी बघतोय असं दाखवतो आणि नजर छातीवर ठेवतो, कारण कुणी श्वास मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजले. छत्तीस. धडधाकट माणसाचे बारा ते वीस असतात. फोनवर बोलतानाही चार शब्दांमागं एकदा थांबत होते. घरच्यांना वाटलं होतं, तापानं थकवा आलाय.

रुग्णाचा धोका किती, हे ठरवायला ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये एक गुणपद्धत तयार झाली, फोर-सी नावाची. आठच गोष्टी त्यात. वय, पुरुष की बाई, जुने आजार किती, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध कशी आहे, आणि रक्तातले युरिया आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी). मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ हातात धरून बसले. आठातल्या सहा गोष्टींना ना सीटी स्कॅन लागतो ना प्रयोगशाळा. हातावरचं घड्याळ, बोटाचं मीटर आणि दोन खरे प्रश्न एवढं बास.

तेव्हा आमच्याकडं सगळे म्हणायचे, दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही, व्हेंटिलेटर लावला की संपलं. डोळ्यांनी तसंच दिसत होतं, म्हणून लोकांना दोष देववत नाही. पण व्हेंटिलेटर लागायचा तो आधीच सगळ्यात बिघडलेल्यांना. त्यांच्यातले जास्त जायचे, ते पाहून पुढचा माणूस घरीच थांबायचा, नवव्या दिवशी यायचा, आणि तोही जायचा. वहिनींच्या घरात नेमकं हेच झालं. थोरल्यांना ऑक्सिजन लावलेला पाहून धाकटे घाबरले. "मी नाही तिकडं जाणार" म्हणाले. चार दिवस तसेच गेले. (दर आजाराचा घातवार वेगळा असतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा लोक निर्धास्त होतात, आणि खरी काळजी त्याच एक-दोन दिवसांत घ्यायची असते. कोविडमध्ये माणूस ढासळायचा तो बहुतेक दुसऱ्या आठवड्यात.)

गेल्या महिन्यात वहिनी नळावर बोलल्या नाहीत. संध्याकाळी मीच गेले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात चालूच. मान वर न करता म्हणाल्या, "मी चार दिवस आधी हट्टानं नेलं असतं तर वाचले असते का? खरं सांगा."

खरं सांगितलं. असे शंभर जण चार दिवस आधी आले असते तर त्यातले बरेच जण घरी गेले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. पण तुमचे मालक त्या बऱ्याच जणांत असते का, हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही. शुगर कुणालाच माहीत नव्हती, स्टिरॉइड तुम्ही दिलेलं नव्हतं, आणि यायला तेच तयार नव्हते. वहिनींनी दोरा गुंडाळून हातातली विडी पुरी केली. बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग आतल्या खोलीकडं बघून म्हणाल्या, "पोरगा पण अंगानं बापावरच गेलाय. चोवीसचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा न पिता, तो माझ्याबरोबर निघाला. उपाशीपोटीची शुगर ११८ आली. शंभरच्या आत हवी. रोग नाही, पण रोगाच्या वाटेवर. वहिनींनी तो कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवला. "तीन महिन्यांनी परत ना?" म्हणाल्या. "तारीख लिहून द्या."