आजीचा आवाज सापडला

आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट नौपाड्यात डिजिटल करायला दिली होती ती आज पेनड्राइव्हवर मिळाली आणि संध्याकाळपासून घरात दुसरं काही झालंच नाहीये. आजीचा आवाज!! फोटो आहेत तिचे ढीगभर, पण आवाज कुठेच नव्हता, आणि इथे ती मांडवात कोणालातरी ओरडतेय, "अगं अक्षता वाट ना आधी", बाबा तेवढंच परत परत लावतायत.

खरंच सांगते, घरात कॅसेटी असतील तर आता थांबू नका. फोटो त्यातल्या त्यात टिकतात हो, पण टेपला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, पांढरट ठिपके दिसले तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, आधी साफ करून घ्यावी लागते, नाहीतर टेप तुटते आणि मशीनचं हेडही खराब होतं. आणि व्हीसीआर तरी आता कुठे मिळतोय, जपानची फुनाई कंपनी शेवटपर्यंत बनवत होती, तिनेही २०१६ मध्ये बंद केलं. शिवाय तीन तासांची कॅसेट कॉपी व्हायला तीन तासच लागतात, ती पूर्ण चालवावीच लागते, त्यामुळे दुकानदाराच्या मागे घाई लावू नका.

फोटोंची निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा, प्रिंटपेक्षा जास्त डिटेल येतं. आणि काम झालं म्हणून मूळ कॅसेट फेकू नका प्लीज, फाइलच्याही दोन कॉपी ठेवा.

ऐरोलीला मामाकडे दादाच्या मुंजीची कॅसेट आहे म्हणे, रविवारी आणायला जातेय.